गो, वेंट, गॉन : बेशिस्त क्रियापदांची कवायत



आजचा विषय आहे इंग्रजीतली अनियमित क्रियापदं. गो, वेंट, गॉन. ब्रिंग, ब्रॉट, ब्रॉट. शाळेत बाकावर उभं करून ज्यांची तीन-तीन रूपं म्हणून घेत, तीच ही मंडळी. फौजेतून निवृत्त झालेल्या माणसानं सरहद्दीच्या गोष्टी सोडून व्याकरण का काढलं, असं काही जणांना वाटेल. त्याचं कारण आधी सांगतो.

मी नोएडात राहतो. दिल्लीत ओल्ड राजेंद्र नगर, करोल बाग, मुखर्जी नगर या भागांत गेलात तर चहाच्या टपरीवर मराठी हमखास कानावर पडतं. लातूर, बीड, सांगली, बुलढाणा, यवतमाळ अशा ठिकठिकाणांहून मुलंमुली यूपीएससीच्या तयारीला इथं आलेली असतात. त्यांतली काही रविवारी माझ्याकडे येतात. मुलं हुशार, वाचन दांडगं. राज्यघटना, भूगोल, अर्थशास्त्र यांवर मराठीत बोलायला लागली की ऐकत राहावं. पण इंग्रजीत दोन वाक्यं बोलायची वेळ आली की तोंडाला कुलूप लागतं.

आता परीक्षेचा हिशेब पाहा. यूपीएससीची मुख्य परीक्षा मराठीत लिहिता येते. मुलाखतही मराठीत देता येते. पण इंग्रजीचा एक पेपर सक्तीचा आहे, ३०० गुणांचा. त्याचे गुण क्रमवारीत धरत नाहीत, तो फक्त पात्रतेपुरता असतो. २५ टक्के, म्हणजे ७५ गुण मिळाले की काम झालं. पण ते ७५ मिळाले नाहीत, तर बाकीच्या पेपरांचे गुण धरलेच जात नाहीत. वर्षभराची मेहनत, आईवडिलांनी पाठवलेले पैसे, सगळं त्या एका पेपराच्या उंबरठ्यावर अडतं.

एनडीएच्या लेखी परीक्षेतही तसंच. एकूण ९०० गुणांपैकी इंग्रजीचे २००. ती पार केली की पुढे सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाची पाच दिवसांची निवड चाचणी. तिथं एक शब्दचाचणी असते. पडद्यावर एकेक शब्द येतो, असे साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद. तेवढ्यात शब्द पाहायचा, मनात आलेला विचार वाक्यात लिहायचा. त्या पंधरा सेकंदांत 'टीच'चा भूतकाळ काय, हे आठवत बसलात तर विचार मनातच राहतो आणि पुढचा शब्द येतो. मुलाकडे विचार नव्हता असं नसतं. रूप शोधण्यात वेळ गेलेला असतो.

म्हणून हा विषय घेतला. रूपं तर आपण पाहणारच आहोत. पण ही क्रियापदं अशी वेडीवाकडी का झाली, हे आधी पाहू. कारण कळलं की भीती अर्धी होते.

सुरुवात घरापासून करू. मराठीत भूतकाळ कसा होतो? 'बस' आहे, त्याचं 'बसला' होतं. 'उठ'चं 'उठला', 'पड'चं 'पडला', 'हस'चं 'हसला'. 'ल' लावला की झालं. हा झाला नियम. मग 'जा'चं काय व्हायला हवं? 'जाला'. आपण काय म्हणतो? 'गेला'. 'कर'चं 'करला' नाही, 'केला'. 'मर'चं 'मरला' नाही, 'मेला'. 'ये'चं 'आला', 'हो'चं 'झाला', 'दे'चं 'दिला', 'घे'चं 'घेतला', 'खा'चं 'खाल्ला', 'सांग'चं 'सांगितलं', 'घाल'चं 'घातलं'. यातलं एकही रूप सरळ नियमानं झालेलं नाही. आणि तुम्हाला यातलं एकही कुणी पाठ करायला लावलं नव्हतं.

ही रूपं आली कुठून? 'जाणे' आलं संस्कृतातल्या 'या' धातूपासून, 'याति' म्हणजे जातो. आणि 'गेला' आलं 'गत' या शब्दापासून, म्हणजे 'गम्' धातूपासून. दोन वेगळी घराणी, संसार एक. 'केला'च्या मागे 'कृत' आहे, 'मेला'च्या मागे 'मृत' आहे, 'झाला'च्या मागे 'जात' आहे. हजारो वर्षं लोकांच्या तोंडी राहून हे शब्द झिजले, पण गेले नाहीत.

आता इंग्रजीतलं 'गो' आणि 'वेंट' पाहा. तिथंही हेच घडलंय. इंग्रजीत 'वेंड' नावाचं एक वेगळं क्रियापद होतं, अर्थ वळणे, वाट धरणे. सेंडचं सेंट होतं, तसं वेंडचं वेंट. पुढे 'गो'चं स्वतःचं जुनं भूतकाळी रूप मागे पडलं आणि त्याच्या जागी 'वेंट' येऊन बसलं. म्हणजे आपल्याकडे 'जा'नं 'गत'चा हात धरला, तिकडे 'गो'नं 'वेंड'चा धरला. दोन भाषांनी एकाच क्रियेच्या बाबतीत एकच खोडी केली आहे. 'जा–गेला' ज्याला जमतं, त्याला 'गो–वेंट' जड जायचं कारण नाही.

'बी' या क्रियापदाची तर आणखी मजा आहे. ॲम, इज, बी, वॉज. एकाच क्रियापदाचे इतके वेगळे चेहरे कसे? कारण तीन जुने धातू एकत्र आले आहेत. 'ॲम' आणि 'इज' हे आपल्या 'अस्मि' आणि 'अस्ति' यांचे भाऊबंद. 'बी' हा 'भू' धातूचा. आणि 'वॉज' हा 'वस्' धातूचा, राहणे या अर्थाच्या. म्हणजे आपल्या 'वस्ती'चा आणि इंग्रजीतल्या 'वॉज'चा मूळपुरुष एक. नातं लांबचं आहे, पण रक्ताचं आहे.

आता खरा प्रश्न. नियम असताना काही क्रियापदं तो का पाळत नाहीत?

खरं म्हणजे ती बेशिस्त नव्हतीच. जुन्या इंग्रजीत, हजारेक वर्षांपूर्वी, अशी क्रियापदं ठरावीक गटांत बसत. शब्दाच्या पोटातला स्वर बदलायचा आणि काळ दाखवायचा, ही त्यांची रीत. सिंग, सँग, संग. बाहेरून काही जोडायचं नाही, आतला स्वर फिरवायचा. ही युक्ती आपल्याला नवी नाही. पडणे–पाडणे, मरणे–मारणे, फुटणे–फोडणे, सुटणे–सोडणे. आपण आतला स्वर बदलून अर्थ बदलतो, त्यांनी काळ बदलला. शेवटी 'ईडी' लावायची पद्धतही तेव्हा होती, आणि पुढे तिचं राज्य वाढत गेलं. नव्यानं आलेला प्रत्येक शब्द त्याच फलटणीत भरती होऊ लागला. आजही तेच चालतं. 'गूगल'चं इंग्रजीत 'गूगल्ड' झालं. आपली पोरं 'मी गुगललं' म्हणतात. नवा शब्द नेहमी चालू नियमाखाली येतो.

मग जुन्यांतले काही का टिकले आणि काही का गेले? याचं उत्तर आकड्यांत मिळालेलं आहे. २००७ साली 'नेचर' या नियतकालिकात एरेझ लीबरमन, जाँ-बाप्तिस्त मिशेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. त्यांनी जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं घेतली आणि पुढे त्यांचं काय झालं ते पाहिलं. मधल्या काळातल्या इंग्रजीत त्यांतली १४५ अनियमित उरली. आजच्या इंग्रजीत ९८. बाकीची नियमात आली. उदाहरणार्थ 'हेल्प'. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये त्याचं 'होल्पन' असं तिसरं रूप आहे. आज सगळे 'हेल्प्ड' म्हणतात.

कोण टिकलं, याचाही हिशेब त्यांनी मांडला. जे क्रियापद जास्त वापरात, ते जास्त टिकलं. एखादं क्रियापद दुसऱ्यापेक्षा शंभरपट कमी वापरलं जात असेल, तर ते दहापट वेगानं नियमात येतं. आणि इंग्रजीत सर्वांत जास्त वापरली जाणारी दहा क्रियापदं घ्या, बी, हॅव, डू, गो, से वगैरे, ती दहाही अनियमित आहेत.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. रोजच्या वापरातला शब्द कान विसरू देत नाही. जो शब्द वर्षातून एकदा निघतो, त्याचं जुनं रूप कुणाला आठवत नाही, मग माणूस सरळ नियम लावून मोकळा होतो. गावातली रोज पायाखालची वाट राहते, बाकीच्या वाटांवर गवत उगवतं. ही क्रियापदं लोकांच्या तोंडी राहिली म्हणून टिकली. तुमच्या डोक्यातही ती तशीच टिकणार आहेत, तोंडी राहिली तर. माझ्या आजच्या बोलण्याचा सारा अर्थ एवढाच आहे.

फौजेच्या शब्दांवरून हे फार छान कळतं. लढाईचं वर्णन करणारे दोन प्रकारचे इंग्रजी शब्द आहेत. एका बाजूला फाइट–फॉट, शूट–शॉट, स्ट्राइक–स्ट्रक, होल्ड–हेल्ड, फॉल–फेल, लीड–लेड, विन–वन. सगळे अनियमित. दुसऱ्या बाजूला अटॅक, डिफेंड, रिट्रीट, सरेंडर, कमांड, ऑक्युपाय. सगळे 'ईडी'वाले, शिस्तीत उभे. पहिले शब्द इंग्लंडच्या मातीतले, शेतकऱ्याच्या आणि शिपायाच्या तोंडचे. दुसरे फ्रेंचमधून आलेले. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं आणि तिथून पुढे शतकानुशतकं फ्रेंच शब्द इंग्रजीत येत राहिले. कॅप्टन, लेफ्टनंट, सार्जंट हे हुद्देही फ्रेंच वाटेनंच आले. शिपाई लढतो, पडतो, ठाणं धरून ठेवतो, ते जुन्या शब्दांत. अधिकारी हुकूम देतो, ते पाहुण्या शब्दांत.

यातून एक सोपी खूणगाठ मिळते. शब्द छोटा, घरगुती, रोजचा असेल, खाणं, पिणं, झोपणं, येणं, जाणं, देणं, घेणं, तर सावध व्हा, तो बहुधा अनियमित आहे. शब्द लांब, कचेरीतला, पुस्तकी असेल तर 'ईडी' लावून पुढे जा. चुकायची शक्यता फार थोडी.

आता लाजेबद्दल दोन शब्द. कुणी 'ब्रिंग्ड' म्हटलं की लोक हसतात. त्यांना एक गोष्ट सांगा. इंग्रजी मातृभाषा असलेलं मूल आधी ऐकून ऐकून 'वेंट' म्हणतं. मग तीन-चार वर्षांचं झालं की अचानक 'गोड' म्हणायला लागतं, म्हणजे 'गो'ला 'ईडी' लावून. मूल मागे गेलं असं वाटतं. प्रत्यक्षात ते पुढे गेलेलं असतं, कारण त्याला नियम सापडलेला असतो. थोड्या दिवसांनी अपवादही जागेवर बसतात. १९५८ मध्ये जीन बर्को या अमेरिकन अभ्यासिकेनं लहान मुलांना मुद्दाम तयार केलेले, जगात नसलेले शब्द दिले. मुलांनी त्यांनाही बरोबर प्रत्यय लावून दाखवले. म्हणजे मुलं पोपटपंची करत नव्हती, नियम वापरत होती.

आपल्या घरातलं लहान मूलही 'मी करलं' म्हणतं. आपण कौतुकानं हसतो आणि 'केलं म्हणायचं हं' असं सांगतो. आणि इथं दिल्लीत तर मोठी माणसं सर्रास 'मैंने काम करा' म्हणतात. पुस्तकी हिंदी आहे 'किया'. पण पढ़ा, लिखा, सुना यांच्या चालीवर दिल्लीकरानं 'करा' करून टाकलं. दिल्लीचा रिक्षावाला आणि इंग्लंडातलं तीन वर्षांचं मूल, दोघांचंही डोकं एकाच रीतीनं चालतं. 'ब्रिंग्ड' म्हणणाऱ्या मुलाच्या डोक्यात नियम पक्का आहे, अपवाद तेवढे भरायचे राहिलेत. ते भरता येतात. गप्प बसणाऱ्याच्या बाबतीत मात्र काहीच करता येत नाही.

आता कवायतीला लागू.

पहिली गोष्ट, बाराखडीच्या क्रमाची यादी बाजूला ठेवा. व्याकरणाच्या पुस्तकांत मागे जी यादी असते, ती बहुधा 'अबाइड–अबोड'नं सुरू होते. 'अबाइड' आपण वर्षात किती वेळा म्हणतो? आणि रोज लागणारं 'राइट' अगदी शेवटच्या पानावर. तिथपर्यंत पोचायच्या आत पुस्तक मिटलेलं असतं. ही क्रियापदं आवाजाप्रमाणे गटांत लावा. फलटणीच्या तुकड्या करतात तशा.

पहिली तुकडी, न बदलणारी. पुट, कट, हिट, शट, हर्ट, लेट, सेट, कॉस्ट, स्प्रेड. तिन्ही रूपं एकच. यांच्या शेवटी नेहमी 'ट' किंवा 'ड'चा आवाज असतो.

दुसरी तुकडी, इ-ॲ-अ. सिंग–सँग–संग, रिंग–रँग–रंग, ड्रिंक–ड्रँक–ड्रंक, स्विम–स्वॅम–स्वम, बिगिन–बिगॅन–बिगन.

तिसरी तुकडी, 'ऑट'वाली. थिंक–थॉट, ब्रिंग–ब्रॉट, बाय–बॉट, फाइट–फॉट, टीच–टॉट, कॅच–कॉट. दुसरं-तिसरं रूप सारखं. यातला 'कॅच' मूळचा फ्रेंचमधून आलेला, म्हणजे खरं तर 'ईडी'च्या रांगेतला. पण तो या टोळीत येऊन बसला. संगतीचा परिणाम.

चौथी तुकडी, स्वर आखूड होणारी. कीप–केप्ट, स्लीप–स्लेप्ट, फील–फेल्ट, लीव्ह–लेफ्ट, मीट–मेट, लीड–लेड. वाचणे या अर्थाचं 'रीड' यातलंच. लिहिताना तिन्ही रूपं सारखी, वाचताना मात्र रीड–रेड–रेड.

पाचवी तुकडी, 'ड'चा 'ट' करणारी. सेंड–सेंट, स्पेंड–स्पेंट, लेंड–लेंट, बिल्ड–बिल्ट.

सहावी, शेवटी 'न' घेणारी. स्पीक–स्पोक–स्पोकन, ब्रेक–ब्रोक–ब्रोकन, चूज–चोज–चोजन, राइट–रोट–रिटन, ड्राइव्ह–ड्रोव्ह–ड्रिव्हन. आणि त्यांची चुलत भावंडं, नो–न्यू–नोन, ग्रो–ग्रू–ग्रोन, थ्रो–थ्रू–थ्रोन, फ्लाय–फ्लू–फ्लोन.

सातवी, पहिलं आणि तिसरं सारखं असलेली. कम–केम–कम, रन–रॅन–रन, बिकम–बिकेम–बिकम.

उरलेली, बी, गो, डू, सी, ईट, गिव्ह, टेक, ही एकांडी शिलेदार मंडळी. पण ती इतकी वापरात आहेत की तीच सर्वांत आधी बसतात.

रूपं आली तरी वाक्यात चूक होते, ती तीन ठिकाणी. आणि ती मराठी माणसाचीच खास चूक आहे, कारण ती मराठीतून येते.

पहिलं ठिकाण, नकार आणि प्रश्न. आपण म्हणतो, 'मी गेलो नाही'. क्रियापद भूतकाळातच राहतं, पुढे 'नाही' येतं. म्हणून मूल इंग्रजीत म्हणतं, 'आय डिड नॉट वेंट'. इंग्रजीत तसं चालत नाही. एका चौकीवर एकच पहारेकरी. 'डिड' भूतकाळाचा पहारा देत उभा आहे ना, मग मुख्य क्रियापदानं वर्दी उतरवून मूळ रूपात बसायचं. 'आय डिड नॉट गो.' प्रश्नातही तेच. 'तू गेलास का?' म्हणजे 'डिड यू गो?' 'डिड' दिसला की पुढचं क्रियापद मूळ रूपात. याला एकही अपवाद नाही.

दुसरं ठिकाण, 'हॅव'. 'हॅव', 'हॅज', 'हॅड' यांच्यामागे नेहमी तिसरं रूप. 'आय हॅव गॉन', 'शी हॅज रिटन', 'दे हॅड सीन'. मराठीत 'गेलो' आणि 'गेलो आहे' दोन्हीकडे 'गेलो'च असतं, म्हणून आपल्याला दुसऱ्या आणि तिसऱ्या रूपातला फरक सहज जाणवत नाही. तो कानाला लावून घ्यावा लागतो.

तिसरं ठिकाण सर्वांत लबाड. आपण म्हणतो, 'काल मी करोल बागेत गेलो होतो'. लगेच भाषांतर होतं, 'येस्टरडे आय हॅड गॉन टू करोल बाग'. मराठीतलं 'होतो' आपल्याला 'हॅड'कडे ढकलतं. पण इंग्रजीत 'काल' म्हटलं की साधा भूतकाळ पुरे. 'येस्टरडे आय वेंट टू करोल बाग.' 'हॅड' तेव्हाच, जेव्हा मागच्या काळातली दुसरी एखादी गोष्ट घडण्याच्या आधी हे घडलेलं असतं. 'मी स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी सुटली होती', तिथं 'हॅड लेफ्ट' हवं.

आणखी एक सापळा सांगतो, तो जोड्यांचा. पडणे आणि पाडणे यांतला फरक कुठल्याही मराठी माणसाला सांगावा लागत नाही. झाड पडलं, झाड पाडलं. इंग्रजीत याच्या तशाच जोड्या आहेत. फॉल म्हणजे पडणे, फॉल–फेल–फॉलन. फेल म्हणजे झाड पाडणे, फेल–फेल्ड–फेल्ड. राइज म्हणजे वर येणे, राइज–रोज–रिझन. रेज म्हणजे वर उचलणे, रेज–रेज्ड–रेज्ड. लाय म्हणजे पडून राहणे, लाय–ले–लेन. ले म्हणजे ठेवणे, मांडणे, ले–लेड–लेड. खूण अशी की आपोआप घडणारी क्रिया स्वर बदलते आणि घडवून आणलेली क्रिया शिस्तीत 'ड' घेते.

फौजेतलं वाक्य घ्या. गस्तीच्या तुकडीनं दबा मांडला, 'द पेट्रोल लेड ॲन ॲम्बुश'. आणि रात्रभर दबा धरून पडून राहिली, 'अँड ले देअर ऑल नाइट'. एकाच वाक्यात दोन्ही. अहवालात या दोहोंची गल्लत झाली तर वाचणाऱ्याला क्षणभर थांबावं लागतं, आणि फौजी अहवालात वाचणाऱ्याला थांबायला लावणं परवडत नाही. तसाच 'फाइंड–फाउंड' म्हणजे सापडणे आणि 'फाउंड–फाउंडेड' म्हणजे संस्था स्थापन करणे. टांगलेल्या वस्तूला 'हंग', पण फाशी दिलेल्या माणसाला 'हँग्ड'. इतिहासाचा पेपर लिहिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, आपल्या स्वातंत्र्यलढ्यात हा शब्द वारंवार येतो.

आता हे अंगी कसं मुरवायचं?

जुन्या घरांत दिवेलागणीला परवचा म्हणायची रीत होती. पाढे, पावकी, निमकी. ज्यांनी म्हटली त्यांना आजही बाजारात कागद-पेन लागत नाही. तीच पद्धत इथं वापरा, फक्त एक फरक करून. नुसती तीन रूपं घोकू नका, प्रत्येक रूप वाक्यात म्हणा. रोज एक तुकडी. 'आय थिंक', 'येस्टरडे आय थॉट', 'आय हॅव थॉट अबाउट इट'. मोठ्यानं म्हणा. डोळ्यांनी वाचलेलं कागदावर राहतं, तोंडानं म्हटलेलं जिभेवर येतं. खोलीत दोघं-तिघं राहत असाल तर एकानं मूळ रूप टाकायचं, दुसऱ्यानं वाक्य परत करायचं. पंधरा सेकंदांत.

दुसरं काम रात्रीचं. झोपण्याआधी दिवसभराचा दहा ओळींचा अहवाल इंग्रजीत लिहा. फौजेत रोजचा अहवाल असतो, तसा. सकाळी उठलो, चहा घेतला, वाचनालयात गेलो, चार तास वाचलं, मित्र भेटला, त्यानं एक पुस्तक दिलं, मेसमध्ये जेवलो, घरी फोन केला, आईनं काय विचारलं, मी काय सांगितलं. वोक, हॅड, वेंट, रेड, मेट, गेव्ह, एट, टोल्ड. बघा, रोजचं जगणं लिहायला घेतलं की अनियमित क्रियापदं आपणहून रांगेत येतात. आधी सांगितलं ना, ती रोजच्या वापरातली म्हणूनच अनियमित राहिली आहेत. महिनाभर लिहिलंत तर तीसेक क्रियापदं कायमची तुमची होतील, आणि परीक्षेतलं बरंचसं काम ती तीस करतात.

कधी मन खचलं तर 'जाणे' हे क्रियापद आठवा. गेलो, गेले, गेलास, गेलीस, गेलात, गेला, गेली, गेलं, गेल्या. नऊ रूपं. कोण गेलं, बाई की पुरुष, एक की अनेक, समोरचा की लांबचा, सगळा हिशेब आपण बोलता बोलता ठेवतो. वर 'मी आंबा खाल्ला', 'मी पोळी खाल्ली', 'मी केळं खाल्लं'. खाणारा एकच, पण क्रियापद खाल्लेल्या वस्तूप्रमाणे बदलतं. इंग्रजीत या सगळ्यासाठी एक 'वेंट' आणि एक 'एट'. दिल्लीतल्या माझ्या पंजाबी शेजाऱ्याला मराठी शिकताना काय कष्ट पडतात, ते मी रोज बघतो. तो चुकतो, हसतो आणि पुढचं वाक्य बोलतो. तुम्हीही तसंच करा.

तेव्हा उद्या सकाळी पहिली तुकडी घ्या, पुट, कट, हिट. रात्री दहा ओळी लिहा. गटचर्चेत रूप आठवलं नाही तर आठवेल ते रूप लावा, पण मुद्दा मांडा. रूप दुरुस्त करायला आयुष्य पडलंय, मुद्दा मांडायची वेळ मात्र तेवढीच असते.

 जय हिंद.